वादळापूर्वीचे छप्पर

रोमहून मनिलाकडे निघालेले पोप सहावे पॉल यांचे विमान २६ नोव्हेंबर १९७० च्या रात्री ढाक्याच्या विमानतळावर उतरले. मुक्काम जेमतेम तासाभराचा होता. बंगालच्या मातीवर पाऊल ठेवणारे ते पहिलेच पोप. परंतु त्या रात्री ना शोभायात्रा होती, ना महामिस्सा. दोन आठवड्यांपूर्वी चक्रीवादळाने उद्ध्वस्त केलेल्या जनतेच्या दुःखात सहभागी होण्यासाठी ते वाट वाकडी करून आले होते. पुढच्याच सकाळी मनिलाच्या विमानतळावर एका माथेफिरूने त्यांच्यावर सुरा चालवला. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्या हल्ल्याची बातमी ठळक छापली आणि ढाक्याचा तो एक तास इतिहासाच्या कोपऱ्यात पडून राहिला.

आपल्याकडील ज्येष्ठांना हे पोपमहाशय निराळ्या प्रसंगाने आठवतात. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेसच्या निमित्ताने ते मुंबईस आले होते. त्या भेटीसाठी अमेरिकेतून भेट मिळालेली पांढरी लिंकन मोटार त्यांनी निरोप घेताना मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर त्या मोटारीत एकदाही बसल्या नाहीत. त्यांनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी वापरला. एका मोटारीतून अनेकांच्या डोक्यावर छप्पर उभे करण्याची ही बुद्धी आम्हांस फार मोलाची वाटते, कारण आजच्या लेखाचा विषय हाच आहे: संकटग्रस्तांसाठी गोळा झालेल्या पैशाचे पुढे काय होते, आणि त्यातून छप्पर केव्हा व कसे उभे राहते?

प्रथम ते वादळ. १२ नोव्हेंबर १९७० ची रात्र. पौर्णिमा तोंडावर आलेली, समुद्राला भरतीचे उधाण. अशा वेळी बंगालच्या उपसागरातून आलेले चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. त्याच दिवशी कलकत्त्याहून कुवेतकडे चाललेले 'महाजगमित्र' हे भारतीय जहाज समुद्रात बुडाले व त्यावरील पन्नासही जणांना जलसमाधी मिळाली. किनाऱ्यावर मात्र माणसे वाऱ्याने मेली नाहीत. ती पाण्याने मेली. वाऱ्याने पुढे लोटलेला समुद्र वीस फुटांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही उंच उठून जमिनीवर चालून आला. बंगाली भाषेत या प्रकाराला 'जलोच्छ्वास' म्हणतात. शब्द विलक्षण सुंदर आहे. समुद्र जणू एक दीर्घ श्वास टाकतो, आणि तो श्वास ओसरला की गाव उरत नाही.

भोला, मनपुरा, हातिया ही नावे आपल्या वाचकांना फारशी परिचित नसतील. गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना या महानद्यांनी वाहून आणलेल्या गाळातून समुद्राच्या तोंडाशी ही बेटे घडली आहेत. नदी आज एक बेट घडवते, उद्या दुसरे गिळते. नव्याने वर आलेल्या अशा जमिनीला 'चर' म्हणतात. जमीन सुपीक, परंतु समुद्रसपाटीपासून जेमतेम हाताच्या अंतरावर. जिथे उंचवटा नाही, टेकडी नाही, पक्की इमारत नाही, तिथे वस्ती करायला कोण जाईल? ज्याला अन्यत्र जागा नाही तो. भूमिहीन शेतकरी व कोळी अशा चरांवर बांबू, गवत व मातीच्या झोपड्या उभारून राहत होते. शिवाय दिवस भातकापणीचे असल्याने बाहेरून मजूर आले होते. त्यांची गणती कुठल्याच दप्तरात नव्हती. म्हणूनच मृतांचा नेमका आकडा आजवर कुणी सांगू शकलेले नाही. तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंतचे अंदाज आहेत. ताजुमुद्दीन या एका ठाण्याच्या हद्दीत तर जवळजवळ निम्मी लोकसंख्या एका रात्रीत नाहीशी झाली.

ढाक्यातील कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतील आल्फ्रेड सॉमर व वायली मोस्ली या डॉक्टरांनी वादळानंतर गावोगाव पाहणी केली. तिचे निष्कर्ष वाचताना अंगावर काटा येतो. मृतांपैकी निम्म्याहून अधिक दहा वर्षांखालील मुले होती. वस्तुतः लोकसंख्येत त्यांचे प्रमाण एकतृतीयांशच होते. जे वाचले त्यांतील कित्येकांच्या छातीवर, दंडांवर व मांड्यांच्या आतल्या बाजूस सोलवटल्याच्या एकसारख्या जखमा आढळल्या. रात्रभर झाडाच्या खोडाला मिठी मारून लाटांचे तडाखे सोसल्याच्या त्या खुणा होत्या. ज्याच्या हातांत बळ होते तो वाचला. लहान मूल, वृद्ध स्त्री, आजारी माणूस यांच्या हातून खोड सुटले. डॉक्टरांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. वाचलेल्यांमध्ये गंभीर जखमी फार थोडे होते. समुद्राने माणसांना एक तर नेले, नाही तर सोडून दिले. इस्पितळांपेक्षा अन्न, वस्त्र व निवारा यांचीच निकड अधिक होती.

वार्ता जगभर पसरली व मदतीचा ओघ सुरू झाला. पण पैसा जमणे निराळे आणि तो मनपुऱ्याच्या चिखलात पोहोचणे निराळे. पश्चिम पाकिस्तानात बसलेले याह्याखान यांचे लष्करी सरकार संथगतीने हालत होते. भारताने हेलिकॉप्टरे देऊ केली. पाकिस्तानने ती नाकारली. 'केअर' या अमेरिकन संस्थेने मदतीचे वाटप सरकारच्या हाती सोपवण्यास नकार देऊन पहिल्याच आठवड्यात आपले जहाजभर सामान रोखून धरले. पुढे जानेवारीत करार होऊन सुमारे चोवीस हजार पक्की घरे बांधण्याची योजना ठरली. दात्याला हिशेब हवा, सरकारला अधिकार हवा आणि दोघांच्या मध्ये उघड्यावर थंडीत कुडकुडणारा माणूस! डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानच्या मतदारांनी याचा जाब मागितला, मार्चमध्ये युद्धाला तोंड फुटले व वर्षअखेरीस बांगलादेश जन्मास आला. मदतीचा हिशेब चुकला की राज्येही उलथतात, इतके सांगून राजकारण आम्ही येथेच थांबवतो.

या धामधुमीत तेथील ख्रिस्तसभेने काय केले? ढाक्याचे महाधर्मप्रांत तेव्हा पहिले बंगाली आर्चबिशप थिओटोनियस अमल गांगुली यांच्याकडे होते. कॅथॉलिक समाज संख्येने अत्यल्प. मुस्लिमबहुल देशात मुठीत मावेल एवढा. पाकिस्तानच्या कारितास संस्थेची पूर्वेकडील एक शाखा १९६७ पासून तेथे काम करीत होती. वादळाने या छोट्या शाखेवर तिच्या आवाक्याबाहेरचा भार टाकला. मग तिची पुनर्रचना करण्यात आली आणि १३ जानेवारी १९७१ रोजी 'ख्रिश्चन ऑर्गनायझेशन फॉर रिलीफ अँड रिहॅबिलिटेशन' या लांबलचक नावाने ती स्वतंत्र संस्था झाली. लोक तिला आद्याक्षरांवरून 'कोर' म्हणू लागले. १९७६ मध्ये तिने 'कारितास बांगलादेश' हे नाव धारण केले. देश जन्मण्याच्या अकरा महिने आधी, एका वादळाच्या पोटी ही संस्था जन्मली. नावातील 'रिहॅबिलिटेशन' हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो. 'रिलीफ' म्हणजे तात्काळ मदत. ती काही आठवड्यांत संपते. 'रिहॅबिलिटेशन' म्हणजे माणसाला पुन्हा त्याच्या पायावर उभे करणे. त्याला वर्षे लागतात. तोपर्यंत वर्तमानपत्रांतली छायाचित्रे थांबलेली असतात आणि दानपेटीतली नाणीही.

एका धर्मगुरूंचा उल्लेख केल्याखेरीज पुढे जाववत नाही. होली क्रॉस संघाचे अमेरिकन फादर रिचर्ड टिम १९५२ साली ढाक्यास आले. नॉत्र दाम कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवीत. सूत्रकृमी हा त्यांच्या संशोधनाचा विषय. डोळ्यांना न दिसणारे हे कृमी सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांचे वर्गीकरण करण्यात रमणारा हा पंडित वादळानंतर मनपुरा बेटावर जाऊन पोहोचला. 'हेल्प' नावाच्या एका नव्या गटाबरोबर त्यांनी तेथे महिनोन्महिने काम केले. कॉलरा प्रयोगशाळेतील डॉक्टर जॉन रोडी व त्यांच्या पत्नी कँडी, तसेच चितगावात शेल कंपनीत अधिकारी असलेले फजले हसन अबेद हेही त्या गटात होते. सुरुवात तांदूळ व कापड यांनी झाली. लवकरच सर्वांच्या लक्षात आले की पोटाला घातलेले अन्न संध्याकाळी संपते. माणसाला घर हवे, औजार हवे, होडी हवी. फादर टिम पुढे 'कोर'च्या कामात ओढले गेले, मानवी हक्कांसाठी झगडले व १९८७ मध्ये मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी ठरले. २०२० साली ते देवाघरी गेले. अबेद यांनी युद्धानंतर लंडनमधील आपले राहते घर विकून त्या पैशातून निर्वासितांच्या पुनर्वसनाचे काम आरंभले. त्यातून 'ब्रॅक' ही जगातील एक अतिशय मोठी सेवासंस्था उभी राहिली. एक कॅथॉलिक धर्मगुरू, एक मुसलमान हिशेबनीस आणि एक अमेरिकन डॉक्टर दांपत्य यांना एका चिखलाच्या बेटाने एकत्र आणले. हा योगायोग म्हणावा की आणखी काही, ते वाचकांनी आपल्या श्रद्धेनुसार ठरवावे.

निधिसंकलनाची त्या काळातील सर्वांत गाजलेली घटना न्यूयॉर्क येथे घडली. पंडित रविशंकर यांचे घराणे मूळचे पूर्व बंगालचे. वादळ व त्यामागून आलेले युद्ध यांमुळे देशोधडीस लागलेल्या लक्षावधी लोकांसाठी काही करावे, असे त्यांनी आपले मित्र जॉर्ज हॅरिसन यांना सांगितले आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन मैफली झाल्या. तबल्याच्या साथीला आपल्या मुंबईचे उस्ताद अल्लारखा होते. तिकिटांतून जमलेले २,४३,४१८ डॉलर युनिसेफला देण्यात आले. ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांतून मिळालेला पैसा याच्या कित्येक पट होता. पण कार्यक्रमापूर्वी धर्मादाय संस्थेमार्फत रीतसर कागदपत्रे केलेली नसल्याने अमेरिकेच्या करखात्याने तो सुमारे दहा वर्षे अडकवून ठेवला. पैसा कुणी खाल्ला नव्हता. कलावंतांनी मानधनही घेतले नव्हते. कागद नव्हता, एवढेच. ज्या बाळांच्या दुधासाठी लोकांनी तबकड्या विकत घेतल्या, ती बाळे तोवर शाळेत जाऊ लागली असतील, जगली असतील तर.

धर्मग्रामाच्या एखाद्या हिशेबनिसाने पावतीपुस्तकाचा आग्रह धरला की आपण त्याला किचकट म्हणतो. संत पॉल यांना असे कुणी म्हटले होते की नाही, कोण जाणे! यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी निधी जमवताना त्यांनी करिंथकरांना लिहिलेली पत्रे या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. रक्कम मी एकटा नेणार नाही, तुम्ही निवडलेली विश्वासू माणसे बरोबर असू द्या, एवढ्या मोठ्या देणगीबाबत कुणालाही बोट ठेवायला जागा राहू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने थोडे बाजूला काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर ऐनवेळी वर्गणी मागत फिरण्याची पाळी येणार नाही, असेही ते बजावतात. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथातील एक प्रसंग तर याहूनही बोलका आहे. अगब नावाच्या संदेष्ट्याने अंत्युखियास येऊन मोठा दुष्काळ पडणार असल्याचे भाकीत केले. ते ऐकताच तेथील शिष्यांनी यथाशक्ती मदत पाठवण्याचे ठरवले व ती बर्णबा आणि शौल यांच्या हाती रवाना केली. हा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो, पण त्यातील क्रम आपल्या नजरेतून निसटतो. वर्गणी दुष्काळाच्या दृश्यावर जमली नाही. ती इशाऱ्यावर जमली. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील नोंदवलेले हे पहिले आपत्ती-साहाय्य आपत्ती येण्याची वाट पाहत बसले नव्हते.

हे तपशिलाने सांगण्याचे कारण १९९१ साली बंगालच्या त्याच किनाऱ्यावर मिळाले. १९७० नंतर रेडक्रॉसने तेथे पूर्वसूचनेची यंत्रणा उभारली होती. गावोगावचे स्वयंसेवक कर्णे व झेंडे घेऊन इशारा देत फिरत. गुरांसाठी व माणसांसाठी मातीचे उंच चौथरे उभारले गेले. काही पक्के निवारेही बांधण्यात आले. पण लांबलचक किनाऱ्यावर त्यांची संख्या तीनशेच्या आसपासच होती. २९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगावच्या किनाऱ्यावर, संद्वीप, कुतुबदिया, बांशखाली या भागांत पुन्हा तसेच वादळ आले आणि सुमारे १,३८,००० माणसे मरण पावली. या खेपेस इशारा पोहोचला होता. कित्येकांनी तो ऐकलाही होता. पण ऐकून जायचे कुठे?

या वादळानंतर झालेल्या एका पाहणीतील दोन आकडे आम्ही वारंवार वाचले आहेत. जी माणसे पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या इमारतीपर्यंत पोहोचू शकली नाहीत, त्यांतील जवळजवळ बावीस टक्के मेली. जी पोहोचली, त्यांतील एकही मेले नाही. एकही नाही! दहा वर्षांखालील मुलांत मृत्यूचे प्रमाण सव्वीस टक्के, चाळिशीपुढील स्त्रियांत एकतीस टक्के. १९७० च्या सॉमर यांच्या पाहणीशी हे ताडून पाहावे. खोडाला मिठी मारण्याचे बळ नसलेली तीच माणसे पुन्हा गेली. मधल्या एकवीस वर्षांत जगाने बंगालसाठी किती वेळा झोळी फिरवली होती! पण झोळीत पडलेल्या पैशातून त्यांच्या आवाक्यात एक भिंत, एक जिना, एक गच्ची उभी राहिलेली नव्हती.

मग हे निवारे असतात तरी कसे? भक्कम खांबांवर उभी असलेली एक साधी दुमजली इमारत डोळ्यांपुढे आणावी. तळमजला मोकळा, पाणी आले की खांबांमधून वाहून जावे. वर एक-दोन मोठ्या खोल्या व गच्ची. एरवी तेथे शाळा भरते, लसीकरण होते, गावाची सभा होते. वादळाच्या रात्री तेथे सारा गाव दाटीवाटीने उभा राहतो. यात स्थापत्यशास्त्राचे फार मोठे कौशल्य नाही. खरी अडचण माणसाच्या मनाची असते व ती ओळखायला वेळ लागला. परपुरुषांच्या गर्दीत, शौचालय नसलेल्या खोलीत रात्र काढायला बायका तयार नसत. घरधनी बाहेर गेलेला असला तर त्याच्या परवानगीवाचून घर सोडायचे कसे, हा प्रश्न असे. गाय किंवा बैल हीच ज्याची सारी मालमत्ता, तो तिला दावणीला बांधून एकटा कसा निघेल? मागे घरात चोरी झाली तर? शहरात बसून अशा माणसाला अडाणी म्हणणे सोपे आहे. १९९१ नंतर बांगलादेश सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. जमीलुर रेझा चौधरी हे नामवंत स्थापत्य अभियंते तिचे प्रमुख होते. समितीने आणखी अडीच हजार निवारे बांधण्याची शिफारस केली. नव्या आराखड्यांत स्त्रियांसाठी वेगळी खोली व शौचालय यांचा आणि जनावरांच्या सोयीचाही विचार झाला. गाईला जागा मिळाली म्हणून माणूस वाचला, असे घडू लागले. निवारे बांधण्याच्या या कामात सरकारे व बँका होत्या, रेडक्रॉस होती, तशीच कारितास बांगलादेशही होती.

आपल्या देशातही हा धडा १९९९ मध्ये गिरवला गेला. त्या वर्षाच्या जानेवारीत ओडिशात ग्रॅहम स्टेन्स व त्यांच्या दोन लहान मुलांना जिवंत जाळण्यात आले. सप्टेंबरमध्ये मयूरभंज जिल्ह्यात फादर अरुल दास यांची हत्या झाली. देशभरच्या ख्रिस्ती समाजाच्या जखमा ओल्या असतानाच २९ ऑक्टोबरला महाचक्रीवादळ पारादीपच्या परिसरात धडकले. सरकारी गणतीनुसार सुमारे दहा हजार माणसे दगावली. कारितास इंडिया व इतर ख्रिस्ती संस्था मदत घेऊन त्याच राज्यात गेल्या. हा त्या वर्षाचा इतिहास आहे व तो सांगताना आवाज चढवण्याची गरज नाही. मात्र त्या वादळातील एक गोष्ट त्या वेळी फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. जर्मनीच्या साहाय्याने भारतीय रेडक्रॉसने त्या किनाऱ्यावर आधीच तेवीस निवारे बांधून ठेवले होते. त्या तेवीस इमारतींत चाळीस हजारांच्या आसपास लोक तगले. पुढे ओडिशा सरकारने शेकडो निवारे उभारले. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलीन' वादळ आले, तेव्हा दहा लाखांच्या जवळपास लोकांना आधीच हलवण्यात आले होते. मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली.

तरीही अशा इमारतींसाठी पैसा जमवणे कठीण असते, हे कुठल्याही निधिसंकलकास विचारावे. वादळ होऊन गेल्यावर रविवारच्या मिस्सेत धर्मगुरूंनी आवाहन केले की थैल्या आपोआप सुटतात. उद्ध्वस्त झोपडी व रडणारे मूल यांचे चित्र मनाला भिडते. पण वादळ आलेलेच नाही, मूल हसत शाळेत चालले आहे आणि त्या शाळेला काँक्रीटचे खांब हवेत, असे सांगितले तर? आपल्यापैकी किती जण पाकिटात हात घालतील? न घडलेल्या मृत्यूचे छायाचित्र काढता येत नाही. 

दानाची दुसरी एक अडचण जुन्या कपड्यांची. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या रस्त्यांच्या कडेला कपड्यांचे ढीगच्या ढीग कुजत पडले होते. त्या कोळी कुटुंबांना उतरलेले कपडे नको होते. त्यांना होड्या हव्या होत्या, जाळी हवी होती, डोक्यावर ताडपत्री हवी होती. कपाट रिकामे करणे आणि दान करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. तात्काळ निवाऱ्यासाठी लागते काय? जाड प्लास्टिकचे कापड, बांबू, सुंभ किंवा दोरी, काही खिळे, आणि शक्य असेल तर पत्रे. हे सारे बहुधा जवळच्याच बाजारात मिळते. लांबून ट्रकभर वस्तू पाठवण्यापेक्षा तेथे पैसा पोहोचला तर बाजारही सावरतो आणि काय घ्यायचे ते ज्याचे घर पडले तोच ठरवू शकतो. उपवासकाळात कारितास इंडियाच्या वार्षिक अभियानासाठी आपल्या चर्चमध्ये जमा होणारी रक्कम अशा वेळी उपयोगी पडते. ती कुठल्याही एका वादळाच्या नावाने जमलेली नसते, म्हणूनच ती आधीपासून हाताशी असते. त्या पाकिटावर रडणाऱ्या मुलाचे चित्र नसले तरी ते रिकामे परत करू नये, एवढीच आमची विनंती.

आपल्या कोकणपट्टीला वादळ नवखे नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगड जिल्ह्यात शिरले. जीवितहानी थोडी झाली. पण घरांवरची कौले, पत्रे उडाले आणि नारळी-पोफळीच्या पिढीजात वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावली की उत्पन्न हाती यायला कित्येक वर्षे जातात. छप्पर महिन्याभरात घालता येते, वाडीला मात्र एका माणसाच्या उमेदीची वर्षे लागतात. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र व गोवा यांचा समावेश २०१५ पासूनच झालेला आहे. किनाऱ्यालगतच्या धर्मग्रामांनी आपल्या चर्चचे सभागृह, शाळेची पक्की इमारत अशा रात्रीसाठी सज्ज आहे का, तेथे पाणी व शौचालय आहे का, किल्ली कुणाकडे असते, याची विचारपूस करायला हरकत नाही. वादळ आल्यावर किल्ली शोधण्यात वेळ जाऊ नये.

त्याच वर्षी, 'निसर्ग' येण्याच्या दोन आठवडे आधी, २० मे रोजी 'अंफान' वादळ बंगालवर आले. करोनाची साथ शिखरावर चढत होती. माणसांनी एकमेकांपासून दूर राहायचे की एकमेकांना खेटून जीव वाचवायचा, असा चमत्कारिक पेच होता. बांगलादेशाने शाळा-महाविद्यालये धरून बारा हजारांहून अधिक इमारती निवारे म्हणून उघडल्या व वीस लाखांहून अधिक लोकांना तेथे नेले. सत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक कर्णे घेऊन फिरत होते. मृतांचा आकडा काही डझनांच्या पुढे गेला नाही. पन्नास वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर किती माणसे गेली, ते वर सांगितलेच आहे.

मात्र सत्तरच्या दशकात बांधलेल्या त्या पहिल्या निवाऱ्यांपैकी बरेचसे आज वापरण्याजोगे राहिलेले नाहीत. खाऱ्या हवेने सळया गंजल्या, काँक्रीटचे पोपडे सुटले. काही इमारती नदीने किनाऱ्यासकट गिळल्या. बांधण्यासाठी देणगीदार मिळाले होते, डागडुजीसाठी कुणी मिळाला नाही. ज्या निवाऱ्यात रोज शाळा भरते त्याची दारे-खिडक्या शाबूत राहतात, कारण मास्तर तक्रार करतात आणि मुलांचे आईबाप येऊन चुना मारून देतात. जेथे शाळा भरत नाही तेथे कुलूप गंजते.